कलन व भौतिकशास्त्राची प्रारंभिक उदाहरणे : अडलेल्या विद्यार्थ्यास करावयाचे साहाय्य

सारांश : पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थी कलन व यामिकी या विषयांचे सिद्धान्त ऐकतो, उतरवून घेतो आणि पुष्कळदा पाठही करतो, परंतु गृहपाठाचे उदाहरण समोर येताच तो थांबतो. अशा वेळी त्यास मिळणारे साहाय्य बहुधा तयार उत्तराच्या स्वरूपाचे असते. उदाहरण अडण्याची स्थाने कोणती, प्रत्येक स्थानी कोणते साहाय्य उपयुक्त ठरते आणि पूर्ण उत्तर केव्हा द्यावे, या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात तीन परिचित उदाहरणांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : गृहपाठ, कलन, यामिकी, उदाहरण-उकल, सोडवून दाखविलेले उदाहरण, गट-अध्ययन.

१. प्रास्ताविक

गणित व भौतिकशास्त्र या विषयांत ज्ञानाची कसोटी उदाहरणात लागते. न्यूटनचा दुसरा नियम सांगता येणे आणि उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे त्वरण काढता येणे, यांत मोठे अंतर आहे. हे अंतर विद्यार्थी एकटा असताना, म्हणजे घरी किंवा वसतिगृहात वही उघडल्यावर, प्रथम जाणवते. त्या क्षणी त्याच्या हाताशी बाजारातील गाइड असते, शिकवणीची टिपणे असतात, पुढच्या वर्गातील मित्राची वही असते आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर क्षणार्धात उत्तर लिहून देणारी साधनेही असतात. उत्तर मिळते, वही पूर्ण होते, अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही मिळतात. मात्र परीक्षेत आकडे किंवा आकृती बदलली की तोच विद्यार्थी पुन्हा त्याच ठिकाणी अडतो. साहाय्य मिळूनही अध्ययन घडले नाही, असाच याचा अर्थ होतो.

उदाहरणाद्वारे शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचा ‘लीलावती’ हा भाग नियम सांगून लगेच उदाहरण विचारतो आणि तेही वाचकास संबोधून. याच ग्रंथाच्या खगोलविषयक भागात ग्रहांच्या तात्कालिक गतीची कल्पना येते. कलनाच्या आरंभीच्या पाठात आपण जी संकल्पना शिकवितो तिच्याशी तिचे जवळचे नाते आहे. चाळीसगावजवळील पाटणादेवी येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याची नोंद आढळते. ग्रंथ उपलब्ध असतानाही तो समजावून देणाऱ्या जागेची गरज त्या काळीही मान्य झालेली होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) विद्यार्थी उदाहरणात नेमका कोठे अडतो, हे ओळखण्याची रीत मांडणे.
(आ) अडथळ्याच्या स्वरूपानुसार साहाय्याचे स्वरूप कसे बदलावे, हे स्पष्ट करणे.
(इ) या विषयावरील महत्त्वाच्या संशोधनाचा मर्यादित परामर्श घेणे.
(ई) उपलब्ध वेळेत महाविद्यालयाच्या पातळीवर काय करता येईल, ते सुचविणे.

३. उदाहरण अडण्याची स्थाने

‘सर, हे गणित येत नाही’ या एका वाक्यामागे किमान चार वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असू शकतात.

३.१ भाषेचा अडथळा : बारावीपर्यंत किंवा निदान दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजी उदाहरण येते, तेव्हा त्यातील साधे दिसणारे शब्दच कठीण ठरतात. ‘स्मूथ’ या शब्दाने पृष्ठभाग गुळगुळीत आहे एवढेच सांगावयाचे नसते. घर्षण शून्य धरावे, अशी ती सूचना असते. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे जिचे वस्तुमान दुर्लक्षिता येईल अशी दोरी. ‘युनिफॉर्म’ हा शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यात गणवेशासाठी वापरतात. यामिकीत तो ‘एकसमान’ या अर्थाने येतो. ‘ॲट रेस्ट’ या दोन शब्दांत आरंभीचा वेग शून्य असल्याची माहिती दडलेली असते. आकडा दिसत नाही म्हणून विद्यार्थी माहिती अपुरी आहे असे समजतो. अशा विद्यार्थ्यास सूत्र सांगून काहीही साधत नाही. उदाहरण त्याने स्वतःच्या मराठीत सांगावे, एवढी एक विनंती पुष्कळदा पुरेशी ठरते.

३.२ चित्राचा अडथळा : शब्द कळले तरी परिस्थिती डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आकृती काढली जात नाही, किंवा काढली तरी तीत बलांच्या जागी केवळ ठोकळा व दोरी यांचे चित्र असते.

३.३ तत्त्वनिवडीचा अडथळा : आकृती आहे, परंतु कोणते तत्त्व लावावे हे सुचत नाही. मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच व रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे गट पाडण्यास तज्ज्ञांना व नवशिक्यांना सांगितले होते. नवशिक्यांनी उताराची उदाहरणे एकत्र, कप्पीची एकत्र, अशी बाह्य रूपावरून विभागणी केली. तज्ज्ञांनी मात्र ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम अशा तत्त्वांनुसार गट पाडले. आपल्या विद्यार्थ्याचा ‘हे उताराचे गणित आहे, याला कोणते सूत्र?’ हा प्रश्न नेमका याच अवस्थेचा द्योतक होय.

३.४ आकडेमोडीचा अडथळा : तत्त्व बरोबर, मांडणी बरोबर, परंतु चिन्ह चुकले, कंस सोडताना पद गळाले किंवा एकके मिसळली. चारही अडचणींत ही सर्वांत सौम्य होय. तरीही उत्तर चुकले की विद्यार्थी सर्वच चुकले असे मानतो आणि बरोबर केलेले कामही खोडून टाकतो.

या चार स्थानांचा भेद न करता फळ्यावर पूर्ण उकल लिहिली, तर चौथ्या अडचणीच्या विद्यार्थ्यास ती अनावश्यक ठरते आणि पहिल्या अडचणीच्या विद्यार्थ्यास अपुरी पडते.

४. तीन उदाहरणे

४.१ कलन : घसरणारी शिडी. पाच मीटर लांबीची शिडी उभ्या भिंतीस टेकलेली आहे. तिचा पाया भिंतीपासून सेकंदास ०.५ मीटर या गतीने दूर सरकत आहे. पाया भिंतीपासून ३ मीटर अंतरावर असताना शिडीचे वरचे टोक किती वेगाने खाली येईल?

येथे पायाचे अंतर क्ष व टोकाची उंची य मानली, तर क्ष चा वर्ग अधिक य चा वर्ग बरोबर २५, हा संबंध मिळतो. अनेक विद्यार्थी येथे घाईने क्ष च्या जागी ३ लिहितात, य बरोबर ४ काढतात आणि मग अवकलन करावयास जातात. स्थिर संख्यांचे अवकलन शून्य येते आणि ते थांबतात. अशा वेळी ‘आधी अवकलन, मग किंमत’ हा नियम सांगणे सोपे आहे. परंतु तो नियम तेवढ्या उदाहरणापुरता राहतो. त्याऐवजी ‘एका सेकंदानंतर क्ष किती असेल?’ असे विचारावे. तो ३.५ मीटर होतो असे विद्यार्थी सांगतो. ‘मग तुम्ही लिहिलेल्या समीकरणात तो बदलू शकतो का?’ या दुसऱ्या प्रश्नाने, ३ ही एका क्षणाची किंमत असून क्ष ही बदलती राशी आहे, हे त्याच्या ध्यानी येते. पुढे काळाच्या सापेक्ष अवकलन केल्यास क्ष गुणिले क्ष चा बदलदर अधिक य गुणिले य चा बदलदर बरोबर शून्य, असे समीकरण मिळते. किमती घातल्यावर ३ गुणिले ०.५ भागिले ४, म्हणजे सेकंदास ०.३७५ मीटर या वेगाने टोक खाली येते.

उत्तर आल्यावर साहाय्य संपत नाही. टोक जमिनीजवळ येत जाईल तसा य शून्याकडे जातो आणि सूत्रानुसार टोकाचा वेग अमर्याद वाढतो. प्रत्यक्षात असे घडणार नाही. पाया स्थिर गतीने सरकत राहील आणि टोक शेवटपर्यंत भिंतीला टेकलेले राहील, ही गृहीते शेवटच्या टप्प्यात एकत्र टिकत नाहीत. गणिताच्या तासिकेत सुटलेले उदाहरण येथे भौतिकशास्त्राचा प्रश्न बनते.

४.२ भौतिकशास्त्र : वर फेकलेला दगड. सेकंदास २० मीटर वेगाने दगड सरळ वर फेकला. गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग मानल्यास दोन सेकंदांत तो २० मीटर उंचीवर पोचतो. सर्वोच्च बिंदूवर त्याचे त्वरण किती?

‘शून्य’ हे उत्तर अनेकदा ऐकावयास मिळते, कारण तेथे वेग शून्य असतो. ‘चूक, त्वरण १०च’ असे सांगितले तर विद्यार्थी ते लिहून घेतो. समज मात्र बदलत नाही. ‘वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर पुढच्या क्षणी दगडाचा वेग किती होईल?’ असे विचारल्यास दगड हवेतच राहावयास हवा, हा निष्कर्ष विद्यार्थी स्वतः काढतो आणि स्वतःच नाकारतो. त्यानंतर वेग व काळ यांचा आलेख काढण्यास सांगावे. ती २० पासून उतरत जाणारी सरळ रेषा असून काळाच्या अक्षास ती दोन सेकंदांवर छेदते. परंतु छेदताना तिचा उतार बदलत नाही.

कलनाच्या भाषेत हाच मुद्दा असा मांडता येतो की, फलनाची किंमत एखाद्या बिंदूवर शून्य असली म्हणून त्याचा अवकलज तेथे शून्य असतोच असे नाही. दोन विभाग एकच गोष्ट दोन नावांनी शिकवीत असतात. हे विद्यार्थ्यास कोणी दाखवून दिले नाही, तर तो ती दोनदा पाठ करतो आणि एकदाही समजून घेत नाही.

४.३ यामिकी : उतारावरील ठोकळा. २ किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा ३० अंशांच्या उतारावरून घसरत आहे. गतिक घर्षणांक ०.२ आहे. त्वरण काढा.

येथे बलांची आकृती काढून घेणे हेच मुख्य साहाय्य. ठोकळ्यावर बले तीनच आहेत : वजन, उताराचे अभिलंब बल आणि घर्षण. काही विद्यार्थी ‘खाली नेणारे बल’ म्हणून चौथा बाण काढतात. अशा वेळी ‘हे बल कोणी लावले?’ एवढेच विचारावे. प्रत्येक बलास लावणारा कोणीतरी असावयास हवा; चौथ्या बाणास तसा कोणी सापडत नाही, कारण तो वजनाचाच एक घटक असतो. पुढे ९.८ गुणिले (०.५ वजा ०.२ गुणिले ०.८६६) असे मांडल्यास त्वरण सुमारे ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग येते.

येथे विद्यार्थी अस्वस्थ होतो, कारण दिलेले २ किलोग्रॅम कोठेच वापरले गेले नाहीत. दिलेला प्रत्येक आकडा उत्तरात यावयास हवा, ही समजूत परीक्षाभिमुख सरावातून रुजलेली असते. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कसे जाते हे त्यास दाखवावे आणि उत्तर तपासण्याची सवयही येथेच लावावी. घर्षण शून्य धरल्यास त्वरण ४.९ येते, आपले उत्तर त्याहून कमी आहे, हे अपेक्षितच. कोन शून्य धरल्यास मात्र सूत्र ऋण त्वरण देते. सपाट जमिनीवर स्थिर असलेला ठोकळा आपण होऊन मागे जाणार नाही. तेव्हा हे सूत्र घसरत्या ठोकळ्यासाठीच आहे, ही त्याची मर्यादा विद्यार्थ्यास कळते.

५. संशोधनाचा संक्षिप्त परामर्श

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात उदाहरण-उकलीचे चार टप्पे सांगितले : उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, योजना पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. वर्गात यांपैकी तिसराच टप्पा सर्वाधिक दिसतो. पहिला व चौथा वेळेअभावी गळतात.

पूर्ण उकल कधीच देऊ नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखविले की, अगदी नवशिक्यास सोडवून दाखविलेल्या उदाहरणांचा अभ्यास हा केवळ स्वतः झगडत राहण्यापेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो. नवशिक्याची सर्व शक्ती वाट शोधण्यात खर्च होते आणि रीत लक्षात घेण्यास काही उरत नाही. पुढील संशोधनातून असेही आढळले की, विद्यार्थ्याचे ज्ञान वाढते तसा या साहाय्याचा लाभ घटतो. म्हणून प्रथम पूर्ण सोडविलेले, मग अर्धे सोडविलेले आणि शेवटी संपूर्ण विद्यार्थ्याने सोडवावयाचे उदाहरण, हा क्रम युक्त ठरतो.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या यामिकीविषयक चाचण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आरंभी जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी प्रत्यक्षात झालेली सुधारणा पारंपरिक व्याख्यानपद्धतीत सरासरी ०.२३, तर विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या पद्धतींत सरासरी ०.४८ आढळली.

कलनाच्या संदर्भात युरी ट्रीझमन यांचे बर्कली येथील काम विशेष उल्लेखनीय आहे. १९७० च्या दशकात त्यांनी कलनात अपयशी ठरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. प्रेरणेचा किंवा कष्टाचा अभाव हे कारण त्यांना आढळले नाही. हे विद्यार्थी कष्ट करीत होते, परंतु एकटे. याउलट यशस्वी चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून परस्परांच्या उकली तपासत होते. ट्रीझमन यांनी यावरून उपचारात्मक वर्गाऐवजी कठीण उदाहरणांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक ठरले. खेड्यातून शहरातील महाविद्यालयात आलेला, इंग्रजीच्या धास्तीने वर्गात न बोलणारा आपला विद्यार्थी कष्टात कमी नसतो; तोही एकटा असतो. त्याच्या मौनाचा अर्थ आपण अनास्था असा लावला, तर तो विद्यार्थी विज्ञान शाखेपासून कायमचा दुरावण्याची शक्यता असते.

६. यंत्राचे साहाय्य

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून प्रथम वर्षाच्या बहुतेक उदाहरणांची पायरीवार उकल विद्यार्थ्यास सहज मिळू लागली आहे. या संदर्भात हमसा बस्तानी व सहकाऱ्यांनी तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर केलेला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोधप्रद आहे. सरावाच्या वेळी मुक्तपणे यंत्र वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी उंचावली; परंतु यंत्र काढून घेतल्यावर झालेल्या परीक्षेत त्यांना, यंत्र मुळीच न वापरलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. उत्तर न देता शिक्षकांनी तयार केलेले संकेत देणारी यंत्राची आवृत्ती ज्यांनी वापरली, त्यांच्याबाबत ही हानी बहुतांशी टळली.

तात्पर्य, गाइड असो, मित्राची वही असो वा यंत्र, कसोटी एकच : साहाय्य घेतल्यानंतर विद्यार्थ्यास तेच उदाहरण कोऱ्या कागदावर एकट्याने सोडविता येते काय? यंत्रावर बंदी घालणे व्यवहार्य नाही. ‘उत्तर देऊ नका, माझी चूक कोणत्या ओळीत आहे तेवढे विचारून दाखवा’ असे यंत्रास सांगावयास विद्यार्थ्यास शिकविणे मात्र शक्य आहे.

७. काही सूचना

(१) अडलेली ओळ : विद्यार्थ्याने रिकामी वही घेऊन येऊ नये. आकृती, दिलेली माहिती आणि जेथे थांबला ती ओळ अधोरेखित करून आणावी. यामुळे अडथळा चारांपैकी कोणता, हे अर्ध्या मिनिटात कळते आणि शिक्षकाचा वेळ वाचतो.

(२) साहाय्याची उतरंड : प्रथम उदाहरण मराठीत सांगण्यास सांगावे, मग आकृती मागावी, मग ‘कोणते तत्त्व आणि का’ असे विचारावे, मग चुकलेल्या ओळीकडे लक्ष वेधावे. एवढ्यानेही काम झाले नाही, तर त्याच जातीचे दुसरे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावे आणि मूळ उदाहरण त्याच्याकडेच ठेवावे.

(३) चौघांचा गट : ट्यूटोरियलच्या तासिकेस चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. तुकडी शंभराची असली, तरी पंचवीस गटांकडे फिरणे हे शंभर शंकांना एकेकट्या उत्तर देण्यापेक्षा साध्य आहे. गटाची भाषा मराठी असण्यास हरकत नसावी. अंतिम मांडणी इंग्रजीत करता येते.

(४) दोन विभागांचा समन्वय : भौतिकशास्त्रात अवकलनाची गरज आरंभीच पडते, तर गणितात ते सीमा व सातत्य यांनंतर येते. दोन्ही विभागांनी सत्रारंभी एकत्र बसून क्रम, चिन्हे व पाच-सहा समान उदाहरणे ठरविल्यास विद्यार्थ्यावरील भार हलका होईल.

(५) गुणदान : अंतर्गत मूल्यमापनात केवळ अंतिम उत्तरास गुण दिले, तर नक्कल करणारा व प्रामाणिकपणे अडलेला यांत अडलेल्याचेच नुकसान होते. आकृती, तत्त्वनिवडीचे कारण आणि उत्तराची तपासणी यांस स्वतंत्र गुण असावेत. अधूनमधून गृहपाठातील एक उदाहरण पाच मिनिटांत फळ्यापाशी तोंडी समजावून घ्यावे.

८. समारोप

अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे दडपण, मोठ्या तुकड्या व रिक्त पदे यांची जाणीव ठेवूनच वरील सूचना केल्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही सूचनेस नवे साहित्य किंवा निधी लागत नाही. लागतो तो थोडा धीर. विद्यार्थी अडला असता त्यास उत्तर सांगण्याचा मोह शिक्षकास होणे स्वाभाविक आहे, कारण उत्तराने दोघांचीही तत्काळ सुटका होते. परंतु त्या सुटकेची किंमत पुढे विद्यार्थ्यासच मोजावी लागते. त्यास जेमतेम पुढची ओळ लिहिता येईल एवढेच साहाय्य करावे आणि ती ओळ त्यानेच लिहावी. अशा चार ओळी स्वतः लिहिलेला विद्यार्थी पाचव्या वेळी विचारावयास येतो तो अधिक नेमका प्रश्न घेऊन, आणि त्याचा अभ्यास योग्य दिशेने चालल्याची ती विश्वसनीय खूण होय.